बंद संचाचं भाडं कोण भरतं?

विजेचं गणित सोपं आहे असं आपल्याला वाटतं. जेवढी वापरली तेवढे पैसे. घरातल्या मीटरपुरतं हे बरंचसं खरंही आहे. पण आपली वितरण कंपनी ज्या औष्णिक केंद्रांकडून वीज विकत घेते, तिथे हा हिशेब चालत नाही. तिथे न घेतलेल्या विजेचेही पैसे मोजावे लागतात. संच बंद उभा असतो, कोळसा जळत नाही, तरी मालकाचं बिल येतं. वितरण कंपनी ते भरते, आणि फिरून ते आपल्या दरात किंवा राज्याच्या तिजोरीवर येऊन पडतं.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण अभियंते, बँकर किंवा अर्थतज्ज्ञ असतात. आपल्या चळवळीत यावर फारसं बोललं जात नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचाराचे खटले, विद्यापीठं हे आपले विषय आणि वीज म्हणजे 'टेक्निकल' विषय, अशी वाटणी आपणच करून ठेवली आहे. माझं म्हणणं असं की वीज हा आपलाच विषय आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत 'वीज सुधारणा' या नावाखाली आपल्या हातून काय गेलं याचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही.

मी जबलपूरचा. १९५६ पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. राज्य पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आणि वीज मंडळाचं मुख्यालय आलं. रामपूरच्या टेकडीवरचं शक्ती भवन हे आजही मध्य प्रदेशच्या विजेचं मुख्य कार्यालय आहे. सरकारी वीजनिर्मिती कंपनी इथली, पारेषण कंपनी इथली, तिन्ही वितरण कंपन्यांसाठी वीज विकत घेणारी पॉवर मॅनेजमेंट कंपनी इथली, आणि राज्याचं भार प्रेषण केंद्रही इथलंच. कुठला संच किती चालेल आणि कुठला थांबेल, याचं वेळापत्रक या शहरात बनतं. त्यामुळे हा प्रश्न समजून घ्यायला जबलपूरइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

दोन भागांचं बिल

दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्यात राज्याला किती वीज लागेल याचा अंदाज घेतला जातो आणि ज्या केंद्राचा इंधनखर्च सर्वांत कमी, त्याची वीज आधी घेतली जाते. मग त्याच्यापेक्षा महाग, मग त्याहून महाग. मागणी भागली की यादीतले खालचे संच कमी भारावर आणले जातात किंवा बंद ठेवले जातात. इथपर्यंत व्यवहार शहाणपणाचा आहे.

पण दीर्घ मुदतीच्या वीज खरेदी करारात दराचे दोन भाग असतात. एक इंधनाचा, म्हणजे जेवढी वीज घेतली तेवढा. दुसरा स्थिर आकार. त्यात कर्जाचं व्याज, यंत्रांचा घसारा, देखभाल, पगार आणि मालकाच्या भांडवलावरचा परतावा येतो. खर्चावर आधारलेल्या दरपद्धतीत हा परतावा नियामक आयोग ठरवून देतो. केंद्रीय आयोगाने २००९ पासून औष्णिक केंद्रांसाठी तो १५.५ टक्के ठेवला आहे. आणि हा स्थिर आकार वीज किती घेतली यावर ठरत नाही. केंद्र 'उपलब्ध' होतं का, एवढंच बघितलं जातं. ठरलेल्या प्रमाणात, सर्वसाधारणपणे ८५ टक्के, संच तयार असेल तर स्थिर आकार पूर्ण द्यायचा. तुम्ही वीज घ्या की नका घेऊ.

एक साधं उदाहरण करून बघू. समजा १ मेगावॅट क्षमतेचा वर्षाचा स्थिर आकार १ कोटी १२ लाख रुपये आहे. संच ८५ टक्के चालला तर वर्षाला ७४ लाख ४६ हजार युनिट मिळतात, आणि युनिटमागे स्थिर आकार दीड रुपया पडतो. तोच संच ५० टक्केच चालवला तर युनिट होतात ४३ लाख ८० हजार. स्थिर आकार तेवढाच, म्हणून युनिटमागचा भार अडीच रुपयांच्या वर जातो. कोळसा महागला नाही, पगार वाढले नाहीत, तरी वीज महाग झाली. संच रिकामा राहिला एवढंच त्याचं कारण.

आता देशाचं चित्र बघा. औष्णिक केंद्रांचा सरासरी वापर २००९-१० मध्ये क्षमतेच्या ७७ टक्क्यांच्या आसपास होता. २०२०-२१ मध्ये तो ५५ टक्क्यांच्या खाली आला. नंतर मागणी वाढली तसा वापरही वाढला, पण मधली दहा वर्षं देशभर नवे संच उभे राहत होते आणि जुने अर्धवट चालत होते. २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीत आलेल्या कोळसा प्रकल्पांचा अहवाल दिला. त्यात ३४ प्रकल्प होते, क्षमता सुमारे ४० हजार मेगावॅट. त्यांत मोठा पैसा सरकारी बँकांचा अडकला होता, म्हणजे पुन्हा आपलाच.

हे घडलं कसं

१९९१ मध्ये वीजनिर्मिती खासगी भांडवलाला खुली झाली. १९९२ च्या अधिसूचनेने गुंतवणूकदाराला सांगितलं की संच ६८.५ टक्के चालवा, भांडवलावर १६ टक्के परतावा पक्का. याच वातावरणात महाराष्ट्रात एन्रॉन आलं. दाभोळचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत महाराष्ट्राच्या वीज मंडळाने ती महाग वीज घेणं थांबवलं. एन्रॉनची आठवण मराठी माणूस भ्रष्टाचाराची गोष्ट म्हणून सांगतो. पण त्या करारातला खरा धडा वेगळा होता. वीज लागो न लागो, पैसे द्यायचे, हा तो धडा. एन्रॉन बुडाली. धडा मात्र कुणी घेतला नाही, कारण तीच अट सौम्य रूपात पुढच्या सगळ्या करारांत राहिली.

मध्य प्रदेशात १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. इकडे अंधार आला. २००३ ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावर लढली गेली आणि सरकार पडलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक सरकारच्या मनात ती भीती बसली. दरम्यान मध्य प्रदेश विद्युत सुधार अधिनियम २००० आला, केंद्राचा विद्युत कायदा २००३ आला, मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या आणि २००५ पासून त्या स्वतंत्रपणे चालू लागल्या. मग २०१०-११ च्या आसपास खासगी प्रकल्पांशी दीर्घ मुदतीचे करार झाले. मागणीचे अंदाज फुगवून धरले होते. सरकारी कंपनीनेही खंडव्याजवळ सिंगाजी केंद्र उभारलं, एकूण २५२० मेगावॅटचं. काही वर्षांतच तुटीचं राज्य जादा विजेचं राज्य झालं, आणि बंद संचांचा स्थिर आकार हा दर ठरवण्याच्या सुनावणीतला नेहमीचा वाद झाला.

इथे दुसरी बाजूही नीट सांगितली पाहिजे. थोडी जादा क्षमता लागतेच. मध्य प्रदेशात विजेची सर्वांत जास्त मागणी उन्हाळ्यात येत नाही. ती डिसेंबर-जानेवारीत येते, रब्बीच्या गव्हाला पाणी देणारे पंप सुरू असतात तेव्हा. अलीकडे ती १७ हजार मेगावॅटच्या वर गेली आहे. पावसाळ्यात पंप थांबले की मागणी बरीच खाली येते. म्हणून राज्य पावसाळ्यात दुसऱ्या राज्यांना वीज उसनी देतं आणि रब्बीत परत घेतं. रिकाम्या क्षमतेचा हा चांगला उपयोग आहे. आणि अंधार पडला की तो आधी आपल्याच वस्तीत पडतो, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. परीक्षेच्या दिवसांत कंदिलावर अभ्यास केलेली पिढी जादा विजेला वाईट म्हणणार नाही. प्रश्न जादा विजेचा नाहीच. तिची जोखीम कुणाच्या डोक्यावर ठेवली आणि तिचा फायदा कुणाच्या हातात दिला, हा आहे.

भार कुणावर

काही जण म्हणतील, गरिबाला तर सवलत आहे. खरं आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. १ हेक्टरपर्यंत जमीन आणि ५ अश्वशक्तीपर्यंत पंप असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला शेतीची वीज मोफत आहे. या सवलती आपण मागून घेतल्या आहेत आणि त्या टिकल्याच पाहिजेत.

पण सवलतीचा पैसा येतो कुठून? वितरण कंपनीचा खर्च आणि गरिबाचं बिल यातला फरक राज्य सरकार तिजोरीतून भरतं. कंपनीच्या खर्चात बंद संचाचं भाडं धरलेलं असतं. म्हणजे गरिबाच्या नावाने निघालेल्या अनुदानातला एक हिस्सा न बनलेल्या विजेकडे जातो. याच तिजोरीतून वसतिगृहं चालतात, शिष्यवृत्ती निघते. 'वीज फुकट वाटून राज्य कर्जबाजारी झालं' असा टोमणा मात्र वस्तीतल्या माणसाला ऐकावा लागतो. बंद संचाच्या मालकाला तो कुणी मारत नाही.

शेतीच्या अनुदानाचंही तसंच. पंप जमिनीवर बसतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात अनुसूचित जातींच्या हातात सुमारे १२ टक्के खाती आहेत आणि कसलेल्या जमिनीचा ९ टक्क्यांहून कमी हिस्सा. ज्याची जमीन मोठी, त्याचा पंप मोठा आणि त्याचं अनुदानही मोठं. भूमिहीन मजुराला त्या विजेतून मिळते ती फक्त मजुरी.

आणि जो सवलतीच्या रेषेच्या जरा वर गेला त्याचं काय? आपल्यातला एखादा तरुण वेल्डिंगचं दुकान टाकतो, एखादी ताई पिठाची गिरणी चालवते. त्यांना घरगुती सवलत नाही. त्यांचा दर व्यापारी किंवा औद्योगिक. म्हणजे आपल्यातला माणूस मजुरीतून बाहेर पडून धंद्यात पाय ठेवतो, नेमका तेव्हा बंद संचाचं भाडं त्याच्या बिलात येतं.

तारेचा इतिहासही आठवा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ६७ टक्के घरांत उजेडासाठी वीज होती. अनुसूचित जातींच्या घरांत ५९ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या घरांत ५२ टक्क्यांच्या आसपास. सौभाग्य योजना २०१७ मध्ये आली. पण औष्णिक क्षमता भराभर वाढत होती त्याच वर्षांत आपल्या घरांपर्यंत तार पोचलेली नव्हती. एकीकडे वीज घ्यायला कुणी नाही म्हणून संच थांबत होते आणि दुसरीकडे वस्ती अंधारात होती. आजही घरात मीटर आलं म्हणून वापर आला असं नाही. एक बल्ब आणि एक पंखा एवढ्यावर चालणारी घरं जोवर आहेत, तोवर 'जादा वीज' हा शब्द मला खटकतो. जादा कुणाच्या मानाने?

जमीन कुणाची, पाणी कुणाचं

जबलपूरपासून जवळच नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याच्या वीजघराची क्षमता ९० मेगावॅट. धरणाने जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. त्यांत गोंड आदिवासी मोठ्या संख्येने होते. उठलेली कित्येक माणसं या शहरात आली आणि सायकल रिक्षा ओढू लागली. केंद्र सरकारच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात प्रकल्पग्रस्त कुटुंबाला १० वर्षं महिन्याला १०० युनिट वीज देण्याची तरतूद आली. बरगीचं वीजघर १९८० च्या दशकातलं. बरगीच्या माणसांसाठी ते धोरण वीस वर्षं उशिरा आलं.

त्याच बरगी जलाशयाचं पाणी सिवनी जिल्ह्यातल्या घनसौर तालुक्यात झाबुआ पॉवरच्या ६०० मेगावॅटच्या कोळसा केंद्राला दिलं गेलं. केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं, पुढे दिवाळखोरी प्रक्रियेत गेलं आणि २०२२ मध्ये एनटीपीसीने ते हाती घेतलं. म्हणजे आदिवासींची गावं बुडवून साठवलेलं पाणी खासगी प्रकल्पाला मिळालं, बँकांची कर्जं अडकली आणि शेवटी सोडवायला सार्वजनिक कंपनी आली. याच जलाशयाच्या काठी मंडला जिल्ह्यात चुटका इथे १४०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाला २००९ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. एकदा बरगीने उठवलेल्या लोकांना दुसऱ्यांदा उठायला सांगितलं गेलं आणि गावांनी विरोध केला. विस्थापनासाठी 'राष्ट्राला वीज हवी' हे कारण पुरेसं ठरतं. वीज जादा झाली म्हणून विस्थापन मागे घेतलं असं मात्र कधी होत नाही.

शिडी कुणी काढली

आता आपल्या वाचकांच्या सर्वांत जवळचा मुद्दा. माझे वडील वीज मंडळात राखीव जागेवर लाइन हेल्पर म्हणून लागले. आमच्या घरात पहिली पदवी आली ती त्या पगारावर. ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. रेल्वे, आयुध कारखाने, टपाल आणि वीज मंडळ, या चार दारांतून जबलपूरच्या दलित वस्त्यांत पेन्शन आणि शाळेची फी भरायची ताकद आली. मध्य प्रदेशात सरकारी भरतीत अनुसूचित जातींना १६ आणि जमातींना २० टक्के जागा आहेत. मंडळ मोठं होत गेलं तशा त्या जागाही वाढल्या.

सुधारणा आल्या तेव्हा कर्मचाऱ्यांनी विरोध केला. त्यांना शांत करायला २००३ च्या कायद्यात कलम १३३ आलं. बदली होऊन कंपनीत जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी होणार नाहीत, असं ते सांगतं. चांगलं कलम आहे. पण ते माणसाला संरक्षण देतं, जागेला नाही. तो माणूस निवृत्त झाला की त्याची जागा नियमित भरतीने भरायची, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे सुधारणेत कुणाची नोकरी गेली नाही, फक्त पुढच्या पिढीची आली नाही.

कंपन्या आजही सरकारी आहेत आणि नियमित भरती निघते तेव्हा आरक्षण असतं, हे मान्य. पण खांबावर चढण्याचं, मीटर वाचण्याचं, उपकेंद्रावर रात्रपाळी करण्याचं किती काम आज आउटसोर्स कामगार करतात ते कुठल्याही वितरण केंद्रावर जाऊन बघा. काम तेच, धोका तोच, पण नोकरी ठेकेदाराची. तो कुणाला ठेवतो आणि कुणाला काढतो याचं रोस्टर आपल्याला बघायला मिळत नाही. आणि या काळात निर्मितीतली जी मोठी वाढ खासगी प्रकल्पांत झाली, तिथे अनुच्छेद १६(४) लागूच नाही. इलेक्ट्रिकलमध्ये पदविका किंवा पदवी घेतलेली आपली मुलं ज्या क्षेत्राकडे बघून शिकली, ते क्षेत्र वाढलं, पण राखीव दार असलेला भाग त्या प्रमाणात वाढला नाही.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. खासगी वीजकेंद्राला आपण 'खासगी' का म्हणतो? बाजारात माल खपला नाही तर दुकानदार तोटा सोसतो, म्हणून दुकान खासगी. इथे माल घेतला नाही तरी सरकारी कंपनी पैसे देते. त्या पैशात कर्जाचं व्याज येतं, कर्मचाऱ्यांचे पगार येतात आणि मालकाचा परतावाही येतो. जमीन मिळवून द्यायला सरकार मदत करतं, पाणी सार्वजनिक जलाशयातून येतं, कर्ज बहुतेक सरकारी बँकांचं असतं. यात सगळेच मालक मालामाल झाले असं नाही, काही बुडालेही. पण करार असलेल्या क्षमतेपुरतं बोलायचं तर ग्राहकाची हमी हीच त्या धंद्याची मुख्य पुंजी आहे. ज्या पगाराची हमी जनता देते, त्या पगारावर कुणाला घ्यायचं हे ठरवताना जनतेच्या राज्यघटनेला बाहेर का ठेवायचं? जोखीम सार्वजनिक आणि नेमणूक खासगी, ही वाटणी आपण मान्य का करायची?

बाबासाहेबांनी वीज कशी पाहिली

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज यासंबंधीच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केलं. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी तिथे मांडला, आणि त्याच्याही आधीचा प्रश्न विचारला की भारताला वीज हवी कशासाठी. त्यांचं उत्तर असं की वीज उद्योगीकरणासाठी, आणि उद्योगीकरण माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी. वीज स्वस्त आणि मुबलक हवी ती याच कारणाने. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं ते त्यांच्याच खात्याखाली. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही गोष्ट घटनेतच लिहिलेली असावी असं मांडलं.

त्यांची कसोटी आजच्या जबलपूरला लावून बघा. वीज मुबलक आहे. पण ती स्वस्त आहे का? तिने कुणाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवलं? सुधारणा मोजायला आपल्याकडे गळती किती घटली, थकबाकी किती वसूल झाली, असे आकडे असतात. बाबासाहेबांचा आकडा कुठल्याही अहवालात नसतो.

आता काय करायचं

मी हे आज लिहितो आहे कारण जुनं चक्र पुन्हा सुरू झालं आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशाने खासगी कंपन्यांना पुन्हा मोठ्या कोळसा प्रकल्पांची कंत्राटं दिली. त्यांत टोरेंट पॉवरला १६०० मेगावॅट आणि अनूपपूरमध्ये अदानी पॉवरला एकूण १६०० मेगावॅट. मागणी वाढते आहे, हे खरं. पण याच राज्यात २०१७ मध्ये रीवाच्या ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला पहिल्या वर्षासाठी युनिटमागे २ रुपये ९७ पैसे असा दर मिळाला होता. दिवसा स्वस्त सौर वीज आली की कोळशाचे संच आणखी मागे सारले जातील, आणि त्यांचा स्थिर आकार चालूच राहील. आज सही झालेला करार तुमची आजची लहान मुलं कमावती होईपर्यंत चालणार आहे.

माझ्या मागण्या चार आहेत. एक, मागच्या वर्षी न घेतलेल्या विजेसाठी कुठल्या केंद्राला किती पैसे दिले, हे दरवर्षी बिलाच्या पाठीवर साध्या भाषेत छापावं. दोन, यापुढे ज्या प्रकल्पाला सरकारी कंपनी स्थिर आकाराची हमी देते, त्याच्या करारातच नोकरभरतीत आरक्षणाची आणि प्रकल्पग्रस्तांच्या नेमणुकीची अट असावी. जिथे जनतेची हमी, तिथे जनतेचं आरक्षण. तीन, खांबावरचं आणि उपकेंद्रावरचं कायमचं काम कायम नोकरीत यावं, रोस्टरसह. चार, बरगीसारख्या जुन्या प्रकल्पांतल्या विस्थापित कुटुंबांना २००८ च्या धोरणातला विजेचा हक्क मागील तारखेने मिळावा.

आणि हे मागायची जागा आहे. विद्युत कायद्याच्या कलम ६४ नुसार दराचा अर्ज आला की तो प्रसिद्ध करावा लागतो आणि जनतेच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत नियामक आयोगाला निर्णय द्यावा लागतो. वर्तमानपत्रात सूचना येते, जनसुनावणी होते. हरकत नोंदवायला वकील लागत नाही. तिथे आज कारखानदारांच्या संघटना येतात, मोठ्या शेतकऱ्यांच्या संघटना येतात, ग्राहक मंच येतात. वस्तीतून मात्र क्वचितच कुणी येतं.

दराचा अर्ज शेकडो पानांचा असतो आणि तो वाचायला इंग्रजी, टक्केवारी आणि चिकाटी लागते. आपल्या आधीच्या पिढीकडे चिकाटी होती, पण इंग्रजी आणि टक्केवारी नव्हती. आपल्याकडे तिन्ही आहेत. प्रत्येक शहरात पाच पदवीधरांनी एकत्र बसून एका वर्षाचा अर्ज वाचावा, वस्तीची बिलं गोळा करावीत आणि पुढच्या सुनावणीत एक पानाची हरकत नोंदवावी. पहिला प्रश्न सोपा ठेवा: गेल्या वर्षी आम्ही न वापरलेल्या विजेचे किती पैसे भरले, आणि ज्या केंद्राला भरले तिथे आमचे किती लोक नोकरीला आहेत?